चार माणसांची निजण्याची सोय

जुनी वस्तू विकण्याच्या जाहिरातीचा ठरावीक नमुना भरावयास घेतला आणि एका चौकटीपाशी येऊन आम्ही थांबलो. लांबी, वजन, टायर केव्हा बदलले, छत कोठे गळते काय, हे सारे लिहून झाले. उरलेली चौकट विचारते : किती माणसे झोपतात? उत्तर आकड्यातच द्यावयाचे आहे, शब्दांना तेथे जागा नाही. तीन रविवार उलटले, तरी हा आकडा कोणता लिहावा ह्याविषयी आमच्या घरात एकमत झालेले नाही.

वस्तू म्हणजे एक १३ फुटी ट्रेलर. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाची, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी असलेली दोन चाकांवरची खोली. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. ‘फिरते घर’ म्हणावे तर गावोगाव पाल ठोकून पोटासाठी हिंडणाऱ्या माणसांची आठवण होते, आणि सुटीत हौसेने रानात मुक्काम करणाऱ्यांनी ती आठवण आपल्या सोयीसाठी वापरू नये असे आम्हांस वाटते. आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी ट्रेलरचे नाव ‘डबा’ ठेवले. आगगाडीचा की जेवणाचा, हे त्याने सांगितले नाही. आत शिरल्यावर दोन्ही अर्थ पटतात.

येथील ‘आम्ही’ हे संपादकीय आम्ही नव्हे. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात वीस वर्षे संसार केलेले आम्ही दोघे नवरा-बायको. मात्र डब्याच्या बाबतीत हे ‘आम्ही’ प्रारंभापासून दुभंगलेले होते. एक चालक पक्ष आणि एक अंथरूण पक्ष. चालक पक्षाला लहानात लहान, हलकी, कोठेही वळवता येईल अशी गाडी हवी होती. अंथरूण पक्षाचा एकच प्रश्न असे : रात्री कोण कोठे झोपणार? कोणता पक्ष कोणाचा, हे येथे सांगत नाही. ओळखीचे वाचक बहुधा चुकीचाच तर्क करतील.

हा वाद काही आम्हीच प्रथम घातलेला नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स ह्या निवृत्त नौदल-डॉक्टराने केवळ सहलीसाठी एक घरगाडी बांधून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’. दोन घोडे ती ओढत, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सूचना देण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. लांबलचक गाडी वळवण्याची चिंता तेव्हाही होतीच, फक्त तिच्यासाठी नोकर ठेवलेला होता. आम्हांला अधिक जवळचे वाटतात ते आमच्याच डेट्रॉइटचे आर्थर शर्मन. हे गृहस्थ जंतुशास्त्रज्ञ. कुटुंबाला घेऊन सुटीवर निघाले असताना त्यांचा घडीचा तंबू-ट्रेलर भर पावसात उघडेना. चिडून त्यांनी टणक भिंतींचा एक चौकोनी डबा बांधवून घेतला, ‘कव्हर्ड वॅगन’ म्हणून १९३०च्या डेट्रॉइट मोटार-प्रदर्शनात मांडला, आणि काही वर्षांतच ते ह्या धंद्यातले मोठे कारखानदार झाले. पावसात भिजलेली मुले आणि त्यांच्याकडे पाहणारा बाप, एवढ्या भांडवलावर एक उद्योग उभा राहू शकतो.

आम्ही शोध आरंभला तो २०२१च्या वसंतात. महासाथीमुळे विमाने, उपाहारगृहे, नातेवाईक, सारेच दुरावलेले, आणि अर्ध्या अमेरिकेला एकाच वेळी ट्रेलर घेण्याची बुद्धी झालेली. त्या वर्षी ह्या देशातील कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक अशी वाहने बाहेर पडली, तो उच्चांक होता. जुन्या ट्रेलरलाही नव्याची किंमत मागत असत. आमची मोटार मिनीव्हॅन. तिची ओढण्याची क्षमता ३५०० पौंड, आणि जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे हिचवर, वरून पडणारा भार ३५० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. हे आकडे विक्रेत्याच्या तोंडी असतात तितके सरळ नसतात. मोटारीत बसलेली माणसे, सामान आणि हिचवरचा भार ह्यांची बेरीज मोटारीच्या एकूण वहनक्षमतेत बसावी लागते. म्हणजे जितकी माणसे जास्त, तितका ट्रेलर लहान हवा. आणि माणसे जास्त म्हणूनच तर ट्रेलर मोठा हवा असतो.

त्या दोन महिन्यांत आम्ही विक्रेत्यांची माहितीपत्रके जितक्या बारकाईने वाचली, तितक्या बारकाईने अलीकडे एखादी कादंबरी वाचल्याचे आठवत नाही. माहितीपत्रक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा आणि त्याची स्वतंत्र समीक्षा व्हावी. त्यातील आराखड्यात बिछाना फिकट निळ्या रंगाचा, उशा पांढऱ्या, आणि माणूस एकही नाही. ‘चौघे झोपतात’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या वर्तमानकाळी असले तरी प्रत्यक्षात ते संकेतार्थी आहे : चौघे झोपतील, जर त्यांपैकी दोघे आठ वर्षांखालील असतील, कोणी कूस बदलणार नसेल आणि रात्री कोणाला उठावे लागणार नसेल. अंथरूण पक्ष खिशात टेप घेऊन हिंडे. प्रौढ माणसाला झोपावयास निदान दोन फूट रुंदी हवी, असा आमचा घरगुती निकष. चौघांचे म्हणून दाखवलेले कित्येक ट्रेलर त्या निकषावर अडीच माणसांचे निघाले.

अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचे, मागची झडप उचलून स्वयंपाक करावयाचे ट्रेलर फार देखणे असतात. पण ते दोघांचे, आणि नव्याने लग्न झालेल्या दोघांचे. ते आम्ही पाहून सोडले. कापडी भिंतींचा, दोन्ही टोकांना बिछाने बाहेर ओढावयाचा पॉप-अप हा प्रकार अंथरूण पक्षाला मनापासून आवडला होता. वजन माफक, दोन प्रशस्त बिछाने आणि मधल्या टेबलाच्या जागी तिसरा. धावताना तो इतका बसका असतो की त्याच्यावरून मागचा रस्ता दिसतो, म्हणून चालक पक्षही राजी होता. मग एका मालकाने प्रामाणिकपणे सांगितले, की पावसात आवरून घरी नेला तर दुसऱ्या दिवशी अंगणात तो पुन्हा उघडून वाळवावा लागतो, नाहीतर कापडाला बुरशी धरते. शिवाय अस्वलांच्या मुलखात काही ठिकाणी कापडी भिंतींना मज्जाव असतो. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिजच्या ट्रेलरतळावर केवळ टणक भिंतींची वाहने घेतात. मिशिगनमध्ये हा नियम आम्हांस कोठे आडवा आला नसता. पण शर्मन ह्यांची गोष्ट नुकतीच वाचली होती आणि आमच्याकडे पाऊस पुष्कळ पडतो. खरे कारण निराळेच होते. पॉप-अपचे बिछाने कमरेहून उंच असतात. त्यांवर चढताना एक गुडघा आधी वर टेकवावा लागतो. आणि आमच्या हिशेबात एक गुडघा असा होता की जो टेकवता येत नव्हता.

तो गुडघा आईंचा. आमच्यापैकी एकाची ही आई आणि दुसऱ्याची सासू. त्यामुळे ‘आई म्हणाली’ लिहावे की ‘आई म्हणाल्या’, ह्यावर हा मजकूर लिहितानाही थोडी बोलाचाली झाली. आदरार्थी बहुवचनावर तडजोड केली आहे. आई कऱ्हाडला राहतात. महासाथीपूर्वी त्या दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात आमच्याकडे येत आणि सहा महिने राहत. २०२१मध्ये येण्याची वाट बंद होती. पण वाटा काही कायमच्या बंद राहत नाहीत. तेव्हा झोपणारी माणसे मोजताना त्यांना धरावे की न धरावे? माहितीपत्रकात ह्या प्रश्नाला चौकट नव्हती.

अखेर ज्यावर दोन्ही पक्षांची मने बसली, तो फायबरग्लासचा अंडाकृती ट्रेलर. ह्या जातीचा मूळपुरुष ‘बोलर’, कॅनडातील विनिपेगचा, १९६८ सालचा. तो घडवणाऱ्या रे ओलेको ह्यांनी त्याआधी फायबरग्लासची हलकी मैलाटाकी तयार केली होती, आणि त्याच युक्तीने माणसांचे घर करता येईल असे त्यांच्या मनात आले. हा इतिहास माहितीपत्रकांत ठळक छापत नाहीत. वरची आणि खालची अशी दोन अर्धुके साच्यातून काढून मध्यावर जोडलेली. त्यामुळे छताला शिवणी नाहीत आणि पाणी झिरपण्याची भीती कमी. १३ फुटांत पुढची दांडीही धरलेली असते. प्रत्यक्ष खोली सुमारे १० फुटांची. रुंदी जवळजवळ मोटारीइतकीच, म्हणून आरशांतून मागचे दिसते. मागच्या बाजूस टेबल आणि दोन बाके, रात्री टेबल उतरवून त्यावर गाद्या जुळवल्या की साडेचार फूट रुंद बिछाना. आणि पुढच्या कोपऱ्यात दोहोंपैकी एक : मुलांसाठी एकावर एक दोन फळ्या, किंवा शौचकूप.

दोन्ही हवे असल्यास १६ फुटी घ्यावा लागतो. तो आमच्या पैशांत बसत नव्हता, आणि चालक पक्षाला तीन फूट अधिक नको होते.

त्या एका कोपऱ्यावरून आम्ही महिनाभर भांडलो. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, मुलगा दहाचा. फळ्या घेतल्या तर आम्ही चौघे एका छताखाली झोपणार. घरी ज्याची त्याची खोली, ज्याचे त्याचे दार; एका खोलीत चौघांनी झोपण्याचा योग मुलगा रांगत होता तेव्हापासून आला नव्हता. आम्ही दोघे ज्या घरांत वाढलो तेथे रात्री ओळीने गाद्या घातल्या जात आणि दिवा मालवल्यावरच्या गप्पा हीच खरी घरातली बातमीपत्रे असत. ते मुलांना थोडेसे तरी मिळावे ही इच्छा अंथरूण पक्षाने प्रथमच तोंडाने बोलून दाखवली. मुलगी तीन वर्षांत शिकावयास बाहेर पडेल, हेही त्या दिवशी प्रथमच मोठ्याने बोलले गेले. दुसऱ्या पारड्यात पंच्याहत्तरीच्या बाईने रात्री दोन वेळा उठून अंधारात दोनशे पावले चालत जाणे. मुलीने निकाल दिला : आजीसाठी शौचकूपच घ्या, मी बाहेर तंबूत झोपेन. हे ती इतक्या आनंदाने म्हणाली की आम्हांला वाईट वाटले.

शौचकुपाचा घेतला. जुना, आधीच्या मालकाने नीट ठेवलेला.

आता वळवण्याविषयी. लहान ट्रेलर मागे घेणे सोपे, अशी आमची पक्की समजूत होती आणि ती साफ चुकीची निघाली. हिचपासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर जितके कमी, तितका तो स्टिअरिंगच्या हलक्या चुकीला चटकन दाद देतो. मोठा ट्रेलर सावकाश वळतो, चूक सुधारावयास अवधी देतो. आमचा डबा पापणी लवते न लवते तोच मोटारीशी काटकोन करी, चाकूचे पाते मुठीत मिटावे तसा. पुढे जाताना मात्र हाच आखूडपणा उपयोगी पडतो : कोपरे कापीत नाही, मोटारीच्या पावलावर पाऊल टाकून येतो. आम्ही रविवारी एका शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर सराव केला. युक्ती अशी, की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा; मग ट्रेलरची पाठ ज्या बाजूला न्यावयाची त्याच बाजूला हात सरकवावा. वळण थोडे, वेग त्याहून थोडा, आणि बिघडले की पुढे घेऊन पुन्हा सरळ करावे. मुलगी मागे उभी राहून हातवारे करी. ‘डावीकडे’ म्हणजे कोणाचे डावीकडे, ह्यावर कुटुंबे मोडत असतील असे आम्हांस त्या दिवसांत वाटे.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही चौघेच होतो. मुलगा दोन बाकांमधल्या चिंचोळ्या जागेत, म्हणजे वस्तुतः आमच्या बिछान्याच्या खाली, मुलगी तंबूत. शौचकुपात घडीच्या खुर्च्या ठेवल्या.

२०२२च्या मे महिन्यात आई आल्या. जुलैत लडिंग्टनच्या राज्य-उद्यानात तीन रात्रींची जागा सहा महिने आधीच राखून ठेवली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी डबा भरून अंगणात उभा होता. आई काठी टेकीत त्याच्याभोवती फिरल्या, पुढच्या दांडीवर तळहात ठेवून तो त्यांनी थोडा वर-खाली केला आणि म्हणाल्या, “मागं लई भरलंय. गाडी उलाळ हाय तुमची.”

उलाळ हा शब्द आम्ही दोघांनीही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीत ओझे मागे झाले की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो, ती गाडी उलाळ. ट्रेलरचेही शास्त्र हेच आहे : एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा, त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि अखेरीस मोटारीलाही ओढून नेतो. आम्ही पडताळा पाहिला. एका फळीच्या एका टोकाखाली वीट, तिच्यापासून तीन फुटांवर न्हाणीघरातला वजनकाटा, आणि विटेपासून एका फुटावर ट्रेलरची दांडी टेकवलेली. काटा दाखवील त्याच्या तिप्पट खरा भार. काटा म्हणाला ५५, म्हणजे १६५ पौंड. आणि भरलेल्या डब्याचे वजन सुमारे १९०० पौंड. दहा टक्क्यांना कमीच. आम्ही मागच्या बाकाखालचे डबाबंद सामान आणि हत्यारांची पेटी पुढे हलवली, तेव्हा काटा ७२वर आला. आईंना काट्याचे कौतुक वाटले नाही. त्यांनी पुन्हा तळहात ठेवला आणि “आता बैलाला त्रास न्हाई” एवढेच म्हणाल्या.

लडिंग्टनला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. आमची जागा दोन झाडांच्या मध्ये, रस्ता अरुंद, आणि शेजारी आधीच येऊन बसलेली मंडळी शेकोटीभोवतून आमच्याकडे पाहत असलेली. पाच वेळा मागे घेतला, पाच वेळा दुमडला. सहाव्या वेळी आईंनी काच खाली करून सांगितले, “अरे, बैल सोडा आणि गाडी हातानं फिरवा की.” तसेच केले. जमीन सपाट आणि टणक होती. हिच सोडवली, दांडीखालचे लहान चाक टेकवले, आणि शेजारचे एक गृहस्थ धावून आल्यावर चौघांनी मिळून डबा जागेवर नेऊन ठेवला. वळवण्यास सोपा म्हणून इतका लहान ट्रेलर निवडण्यात चालक पक्षाचे काही चुकले नव्हते, हे सिद्ध झाले. फक्त ते मोटारीवाचून सिद्ध झाले.

बिछान्यावर आई आणि नात. आम्ही दोघे मुलासह तंबूत. कोण कोठे झोपणार ह्याचा इतका हिशेब करून घेतलेल्या डब्यात त्या उन्हाळ्यात आम्ही एक रात्रही झोपलो नाही.

आणि शौचकूप? आईंनी दार उघडून पाहिले, मग शेगडीकडे पाहिले. दोहोंमध्ये एका हाताचे अंतर. “चुलीपाशी?” असे म्हणून त्यांनी ते दार लावले ते लावलेच. खुर्च्या परत आत गेल्या. तिन्ही रात्री त्या नातीला उठवून, विजेरी घेऊन, दोनशे पावले चालत सार्वजनिक न्हाणीघरापर्यंत जात आणि परत येत. तंबूतून आम्हांला त्यांचा आवाज येई, शब्द कळत नसत. त्यांत पालच्या खंडोबाच्या यात्रेची गोष्ट होती, हे पुढे मुलीकडून समजले : पौषातली थंडी, तारळी नदीच्या काठी सोडलेल्या गाड्या, गाडीला गोणपाट लावून केलेला आडोसा, आणि आईबाप धरून सात जण एका गाडीखाली. ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच त्यांनी कधी सांगितली नव्हती. आम्ही विचारलेही नव्हते.

२०२३मध्ये आईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. लांबचा विमानप्रवास नको, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. २०२४पासून मुलगी वसतिगृहात असते. मुलगा आता बाकांमधल्या जागेत मावत नाही, आणि मावला तरी मावून घेणार नाही. डबा वर्षातून दोनदा बाहेर पडतो. तो विकावा हे आम्हां दोघांनाही पटले आहे. ह्या एका बाबतीत पक्ष उरलेले नाहीत.

चौकट मात्र रिकामी आहे. आधीच्या मालकाने जाहिरातीत ३ लिहिले होते. आमच्यापैकी एकाच्या मते २ हाच प्रामाणिक आकडा. मुलगा म्हणतो, ४ लिहा, मी झोपलो होतो ते मोजा. मुलीला फोनवर विचारले तर ती म्हणाली, आजीला विचारा. परवा कऱ्हाडला फोन लावला, तेव्हा विचारले. आईंनी आधी डबा कोण घेतोय, त्याला पोरे किती, हे विचारून घेतले. मग म्हणाल्या, “खाली जागा हाय ना? सात लिव्हा.”

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडेल असा अंदाज आहे. नळांतले पाणी काढून त्यांत गोठणरोधक गुलाबी द्रव घालावयाचा आहे, बॅटरी उतरवून घरात आणावयाची आहे. ते काम येत्या रविवारी करू.